जुनी फायरप्लेस पुन्हा वापरात आणायची आहे: आधी काय तपासावं, शेवटी काय रंगवावं?

कोयंडा
नमस्कार मंडळी,

आम्ही नुकतंच एक जुनं घर घेतलंय. बैठकीच्या खोलीत विटांची फायरप्लेस आहे, आधीच्या मालकांनी ती बरीच वर्षं पेटवलेली नाही. समोरच्या विटांवर काजळीचे ओघळ आहेत. आतल्या विटांच्या दर्जा, म्हणजे दोन विटांमधले सांधे, बऱ्याच ठिकाणी रिकाम्या झाल्यात, बोट घातलं की वाळू गळते. वर लाकडी मॅन्टेल, म्हणजे फायरप्लेसवरची फळी आहे, त्यावर रंगाचे थरावर थर. पुढची लादी एका कोपऱ्यात उचललीय. आत वाकून वर बघितलं तर उजेड दिसतो, म्हणजे धुराडं मोकळं असावं.

माझा बेत असा: आतल्या दर्जा सिमेंटने भरून घ्यायच्या, आतून उष्णतारोधक काळा रंग मारायचा, बाहेरच्या विटा पांढऱ्या करायच्या, मॅन्टेल घासून पॉलिश करायचं आणि थंडीत खरी लाकडं पेटवायची. शोभेपुरती ठेवायची नाही, हे घरात सगळ्यांचं ठरलंय. यातलं स्वतः किती करता येईल आणि कोणत्या क्रमाने करावं? ज्यांनी केलंय त्यांचे अनुभव वाचायला आवडतील.

मोजपट्टी
कोयंडा, रंगाचा डबा सध्या आणू नका. वर उजेड दिसतो यावरून वाट मोकळी आहे एवढंच कळतं, ती आतून धड आहे की नाही ते कळत नाही.

धूर जातो ती नळी, म्हणजे फ्लू, बऱ्याच घरांत भाजक्या मातीचे चौकोनी तुकडे एकावर एक रचून केलेली असते. फार जुन्या घरांत तीही नसते, नुसतं वीटकाम आणि आतून गिलावा. त्या नळीला तडा असेल किंवा दोन तुकड्यांमधला सांधा सुटला असेल तर गरम वायू वीटकामात शिरतात, आणि वीटकामाला लागून कुठेतरी लाकडी तुळई असते. वर्षानुवर्षं मंद शेकलेलं लाकूड आतल्या आत करपत जातं आणि ताज्या लाकडापेक्षा बऱ्याच कमी तापमानाला पेट घेऊ शकतं. त्यामुळे "आजवर इथे काही झालं नाही" हा पुरावा धरू नका. शंभर वेळा नीट पेटलेली फायरप्लेस पुढच्या खेपेला भिंत पेटवू शकते.

अमेरिकेत एनएफपीए २११ नावाचं मानक आहे, त्यात तपासणीच्या तीन पातळ्या आहेत. घर विकलं गेलं की दुसरी पातळी सांगितलीय, म्हणजे नळीच्या आतून कॅमेरा फिरवून बघणं. तुमच्याकडचे नियम वेगळे असतील, ते बघाच. पण नवीन मालकाने आतून बघितल्याशिवाय पेटवू नये हा मुद्दा कुठेही खरा आहे.

ठिणगी
मोजपट्टींना +१. आणि कॅमेऱ्याच्या आधी सफाई, नाहीतर काजळीखालचा तडा दिसणारच नाही.

काजळीचेही प्रकार असतात. भुसभुशीत, ब्रशने निघणारी. मग काळी चकचकीत खपल्यांची. आणि तिसरी घट्ट, डांबर ओतल्यासारखी, ती साध्या ब्रशला दाद देत नाही. हे क्रिओसोट. ओलं लाकूड धुमसत जाळलं की धूर वर जाताजाता थंड होतो आणि नळीला चिकटत राहतो. थर ३ मिलिमीटर झाला की साफ करायची वेळ आली समजा. तो पेटला तर धुराड्यात ११०० अंश सेल्सिअसपर्यंत तापमान जाऊ शकतं आणि भाजक्या मातीच्या नळ्या तडकतात. अशी आग कधीकधी कोणाच्या लक्षातही येत नाही, आत जळून विझून जाते. तडे मात्र राहतात, आणि पुढची आग त्या तड्यांतून बाहेर येते.

निवांत
मला वाटतं आपण त्यांना उगाच घाबरवतोय. माणसं पिढ्यान् पिढ्या कॅमेऱ्याशिवाय फायरप्लेस वापरत आलीत. दर्जा भरा, धुराडं झाडून घ्या, लहानसा जाळ करून बघा. धूर वर गेला तर सगळं ठीक.

मोजपट्टी
निवांत, धूर वर गेला तर ओढ चांगली आहे एवढं सिद्ध होतं. नळीला बोटभर तडा असला तरी बहुतेक धूर वरच जातो. तड्यातून जातो तो दिसत नाही, आणि मला काळजी त्याचीच आहे. पिढ्यान् पिढ्या वापरणाऱ्यांकडे दरवर्षी धुराडं साफ करणारा माणूस यायचा, बिघाड त्याच्या नजरेस पडायचा. इथे मध्ये बरीच वर्षं कोणीच बघितलेलं नाही, आणि वरून पाऊस येत राहिलाय.

थापी
मी वीटकाम करतो, म्हणून दर्जांबद्दल सविस्तर लिहितो. कोयंडा, आतल्या दर्जा साध्या सिमेंटने भरू नका. हा या बेतातला सगळ्यात मोठा धोका आहे.

साधं सिमेंट ज्यामुळे घट्ट होतं ते पाण्याशी झालेलं बंधन असतं. ४०० ते ५०० अंशांच्या आसपास ते बंधन तुटायला लागतं आणि सिमेंटचा भुगा होतो. जाळाच्या मागच्या भिंतीला तेवढं तापमान सहज मिळतं. एक-दोन हिवाळे दर्जा छान दिसतात, मग परत वाळू गळायला लागते. तिथे भट्टीचं मॉर्टर लागतं, ज्यात कॅल्शियम ॲल्युमिनेट सिमेंट असतं. ते उष्णतेला टिकतं आणि दमटपणालाही. तयार डब्यातलं फायर सिमेंट मिळतं, ते बारीक चिरांना ठीक आहे, पण त्यातले काही प्रकार नीट तापवल्याशिवाय पक्के होत नाहीत आणि ओल लागली की परत मऊ पडतात. डब्यावर लिहिलेलं पूर्ण वाचा.

दर्जा रुंद ठेवायच्या नाहीत. भट्टीच्या, म्हणजे जाळ सोसणाऱ्या विटांमध्ये पाव इंच ही कमाल. जाड दर्जा तापली की आकसते आणि सुटते. जुना माल अर्धा-पाऊण इंच खोल खरवडून काढा, ब्रशने झाडा, विटा ओलसर करा, मग दाबून भरा. वरवर थापलेला माल पहिल्याच जाळात पापुद्र्यासारखा निघतो.

विटाही तपासा. छोट्या हातोडीने हलकेच टकटक करायची. खणखणीत आवाज आला तर वीट चांगली, बद्द आवाज आला तर आतून फुटलेली. फुटलेली वीट बदलायची, ती रंगाने झाकायची नाही. नवी वीट भट्टीचीच हवी, घर बांधायची साधी वीट तिथे टिकणार नाही.

आणि काळा रंग. उष्णतारोधक रंग ६०० अंशांपर्यंत टिकणारे मिळतात, पण ते लोखंडाच्या शेगडीसाठी, दारांसाठी. विटांवर मारला तर पुढच्या वर्षी तडा कुठे पडलाय ते दिसणार नाही. मी तरी जाळाच्या पेटीत रंग मारू देत नाही.

काजवा
थापी, आतल्या भागाबद्दल पूर्ण सहमत. बाहेरच्या भागाचंही कोणीतरी सांगायला हवं. छपराच्या वर जे धुराडं दिसतं त्याच्या जुन्या विटा मऊ असतात आणि दर्जा चुन्याच्या. तिथे कडक सिमेंटने दर्जा भरल्या की ओलावा दर्जेतून बाहेर पडू शकत नाही, तो विटेतून वाट काढतो. मग विटेचा दर्शनी पापुद्रा गळून पडतो. घरमालकाला वाटतं विटा वाईट होत्या. तिथे चुनाच वापरा.

थापी
चुना बरोबर, पण सगळीकडे नाही. धुराड्याच्या अगदी माथ्यावर, जिथे पावसाचा मारा आणि धुरातलं आम्ल दोन्ही लागतं, तिथे नुसता मऊ चुना लवकर झिजतो. मी तिथे पाण्यात घट्ट होणारा चुना वापरतो, हायड्रॉलिक लाइम. साधं सिमेंट नकोच, यावर आपलं एकमत आहे.

काजवा
मान्य. हायड्रॉलिक चुना मीही धरतच होते, लिहायचं राहिलं.

तिसरा_पायरीवाला
पेटण्याआधीच धागा चांगला तापलाय :) माझा छोटा प्रश्न: तडे भरायला तो फुगणारा फोम मिळतो, तो चालेल का? हात पोचत नाही अशा ठिकाणी सोपा पडेल.

थापी
अजिबात नाही! साधा फोम स्वतः जळतो आणि जळताना विषारी वायू सोडतो. फायरप्लेसच्या आसपास, मॅन्टेलच्या मागे, कुठेही नाही. ज्यावर आगरोधक असं लिहिलेलं असतं तो फोमही भिंतीतून जाणाऱ्या वायरींच्या फटीसाठी असतो, धुराड्याला टेकवायला नाही. धुराड्याच्या बाहेरच्या बाजूला आणि लाकडी चौकटीत रिकामी जागा मुद्दाम सोडलेली असते, घराच्या आत २ इंच. जाळाच्या पेटीच्या मागे तर ४ इंच सांगतात. ती फट दिसली की लोकांना भरावीशी वाटते. ती भरायची नसते.

सांजवेळ
पांढऱ्या विटांबद्दल मला बोलायचंय, कारण त्यावर कोणी काहीच म्हणालं नाही.

ॲक्रिलिक किंवा तैलरंग विटेवर एकदा बसला की पुन्हा धड निघत नाही. वीट सच्छिद्र असते, रंग आत शिरतो. आणि उघडणीच्या, म्हणजे फायरप्लेसच्या समोरच्या तोंडाच्या, अगदी जवळचा रंग उष्णतेने पिवळा पडतो, फुगतो. पांढरंच हवं असेल तर चुन्याची सफेदी द्या. ती श्वास घेते, जळत नाही, नको झाली तर बरीचशी खरवडून निघते, आणि विटेचा पोत दिसत राहतो. पण माझं मत विचाराल तर आधी नुसती काजळी काढून बघा. त्या काळ्या ओघळांखाली विटेचा रंग किती सुंदर असतो याची कल्पना येत नाही. मी अशा दोन-तीन जागा साफ होताना पाहिल्यात आणि प्रत्येक ठिकाणी रंगाचा बेत रद्द झाला.

काजळी काढताना आधी पाणी लावायचं नाही. कोरड्या मऊ ब्रशने आणि बारीक गाळणीच्या व्हॅक्यूमने जेवढी निघेल तेवढी काढायची. आधीच पाणी मारलं की काजळी विटेच्या छिद्रांत जाऊन बसते. मग कोमट पाणी आणि सौम्य डिटर्जंट, खालून वर, म्हणजे ओघळ कोरड्या विटेवर सुकत नाहीत. हट्टी डागांना ट्रायसोडियम फॉस्फेटचं पाणी, हातमोजे आणि चष्मा घालून. म्युरिएटिक (हायड्रोक्लोरिक) ॲसिड वापरू नका. ते चुन्याच्या दर्जा खातं, लोखंड गंजवतं, आणि काजळीवर त्याचा उपयोगही नाही, कारण काजळी म्हणजे कार्बन, ॲसिडला तो दाद देत नाही.

चकमक
धूर खोलीत येतो का, हे कोयंडांनी लिहिलेलं नाही. वापरच नसल्यामुळे माहीत नसेल. जुन्या फायरप्लेसचं हे मोठं दुखणं असतं आणि बहुतेक वेळा ते मापांत असतं.

ढोबळ नियम: नळीच्या आतलं क्षेत्रफळ उघडणीच्या क्षेत्रफळाच्या साधारण दहावा हिस्सा हवं. समजा उघडणी ३६ इंच रुंद आणि २८ इंच उंच आहे. १००८ चौरस इंच. म्हणजे नळी १०० चौरस इंचांच्या आसपास हवी. आता कोणी तडकलेल्या नळीत ८ इंची गोल स्टील लायनर, म्हणजे आत बसणारी नवी नळी, घालून दिला, तर त्याचं क्षेत्रफळ ५० चौरस इंच. झाली अर्धी वाट बंद! लायनर चकचकीत, काम सुबक, आणि पहिल्याच जाळात खोली धुराने भरते. उघड्या फायरप्लेससाठी लायनर घालायचा तर त्या मापाला ११-१२ इंची लागतो, आणि तो जुन्या नळीत मावतोच असं नाही. काम देण्याआधी हे गणित करून घ्या.

धुराड्याची उंचीही बघा. छपरातून जिथे बाहेर येतं तिथून किमान ३ फूट वर, आणि आडव्या १० फुटांच्या आत जे काही असेल, छपराचा कणा धरून, त्याच्यापेक्षा २ फूट उंच. कमी असेल तर वारा छपरावरून उसळून धूर परत खाली ढकलतो.

यावरून काउंट रम्फर्ड आठवला. बेंजामिन थॉम्पसन त्याचं नाव, शास्त्रज्ञ होता. १७९६ मध्ये त्याने फायरप्लेसवर निबंध छापला. त्याआधीच्या फायरप्लेस खोल, चौकोनी आणि वरून भल्यामोठ्या उघड्या असायच्या. उष्णता आणि खोलीतली हवा दोन्ही वर पळायची. त्याने पेटी उथळ केली, बाजूच्या भिंती तिरक्या केल्या, मागची भिंत उघडणीच्या साधारण एक तृतीयांश रुंद ठेवली आणि वरचा गळा अरुंद, ४ इंचांचा केला. भिंती तिरक्या झाल्याने उष्णता खोलीत परावर्तित व्हायला लागली, गळा अरुंद झाल्याने धूर सरळ वर जायला लागला. आणि हे सगळं जुन्या फायरप्लेसच्या आत विटा लावून, घर न पाडता. आजही जुन्या घरात उथळ, तिरक्या भिंतींची उंच फायरप्लेस दिसली तर ती मोडू नका. ती विचार करून बांधलेली असते.

पाचवा_मजला
आमच्याकडे फायरप्लेस नाही आणि होणारही नाही, पण हा धागा सोडवत नाही. चकमक, रम्फर्डवर वेगळा लेख लिहा ना!

ठिणगी
रम्फर्डच्याच शतकातली दुसरी बाजूही सांगते. अरुंद धुराड्यांत लहान मुलांना चढवून काजळी काढून घ्यायचे. पर्सिव्हल पॉट या शल्यचिकित्सकाने १७७५ मध्ये लिहिलं की या कामातल्या लोकांना होणारा एक विशिष्ट कर्करोग काजळीमुळे होतो. एखाद्या व्यवसायामुळे कर्करोग होतो हे दाखवणाऱ्या पहिल्या नोंदींपैकी ती एक. तरी इंग्लंडमध्ये ही प्रथा खऱ्या अर्थाने बंद व्हायला १८७५ चा कायदा यावा लागला. मधल्या शंभर वर्षांत कायदे झाले होते, पाळायला लावणारं कोणी नव्हतं.

हे सांगायचं कारण असं की काजळी आजही तीच आहे. घरी साफ करणाऱ्यांनी चांगला मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे वापरा, ते कपडे वेगळे धुवा, आणि खोलीतलं सामान झाकून ठेवा. घरचा साधा व्हॅक्यूम लावू नका, बारीक काजळी त्याच्या मागून परत हवेत येते.

निवांत
ठिणगी, हे माहीत नव्हतं. वाचून वाईट वाटलं.

आणि मोजपट्टी, तड्याचा मुद्दा पटला. आमच्याकडे दरवर्षी सफाईवाला येतो, तो बघतो, त्या भरवशावर मी बोलत होतो. जिथे मध्ये खंड पडलाय तिथे वेगळं, हे मान्य.

धूर_कुठे
कोणीतरी कार्बन मोनॉक्साइडबद्दल लिहा. वास नाही, रंग नाही. आमच्या शेजारच्या घरात दोन फायरप्लेस एकाच धुराड्यात होत्या, मधली विटांची पडदी फुटलेली. खाली जाळ केला की वरच्या झोपायच्या खोलीतल्या फायरप्लेसमधून वायू बाहेर यायचा. अलार्म होता म्हणून कळलं.

मोजपट्टी
फार महत्त्वाचं. एका धुराड्यात दोन-तीन नळ्या असतील तर वापरायची नसलेलीही तपासून घ्या.

अलार्मबद्दल एक गोष्ट लोकांना माहीत नसते. अमेरिकी मानकाप्रमाणे ७० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग) पातळीला तो लगेच वाजत नाही, १ ते ४ तासांत वाजतो. ४०० पीपीएमला ४ ते १५ मिनिटांत. म्हणजे अलार्म हा शेवटचा पहारेकरी आहे. तो वाजला नाही म्हणून सगळं ठीक असं नाही. डोकं दुखायला लागलं, मळमळायला लागलं तर बाहेर पडा. फायरप्लेसच्या खोलीत एक आणि झोपायच्या खोल्यांजवळ एक लावा.

दुसरं म्हणजे हवा. घट्ट बंद घरात स्वयंपाकघरातला मोठा एक्झॉस्ट सुरू केला की तो हवा मिळेल तिथून ओढतो, आणि सगळ्यात सोपी वाट धुराड्याची असते. जाळ मंद झालेला असतो तेव्हा हे सर्वात धोक्याचं, कारण निखारे धूर कमी आणि कार्बन मोनॉक्साइड जास्त देतात. म्हणून निखारे असेपर्यंत डॅम्पर, म्हणजे नळीची वाट बंद करणारी झडप, बंद करायचा नाही, पंखा लावायचा नाही.

रानवाटा
लाकडाचं मी सांगतो. फोडलेल्या लाकडात २० टक्क्यांपेक्षा कमी ओलावा हवा. ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळतं. टोकं लाकडाच्या बाहेरच्या बाजूला टोचायची नाहीत, ओंडका पुन्हा फोडून ताज्या पृष्ठभागावर टोचायची. बाहेरून कोरडं दिसणारं लाकूड आत चिंब असू शकतं. फोडून, जमिनीपासून वर रचून, माथा झाकून आणि बाजू उघड्या ठेवून किमान सहा महिने, कठीण लाकडाला वर्षभर किंवा जास्त. जुनं फर्निचर, रंगवलेल्या फळ्या, प्लायवूड जाळू नका.

कोयंडा
सगळ्यांचे मनापासून आभार. रंगाचा डबा दुकानातच राहिला! सफाई झाली, कॅमेराही फिरवून घेतला. अहवाल थोडक्यात देतो:

मातीच्या नळ्यांपैकी वरच्या भागातल्या दोन तडकलेल्या, एक सांधा सुटलेला. जाळाच्या वरचा, नळी सुरू होण्याआधीचा निमुळता भाग नुसत्या पुढे आलेल्या विटांच्या पायऱ्यांचा आहे, गिलावा नाही. उघडणीवरची लोखंडी पट्टी गंजून फुगलीय, त्यामुळे वरच्या दोन विटा उचलल्या गेल्यात. माथ्यावर विटांना झाकणारं झाकण तडकलंय, नळीच्या तोंडावर टोपी नाही. पक्ष्यांचं जुनं घरटं निघालं, सुदैवाने रिकामं.

दोन मार्ग सुचवलेत. एक, फायरप्लेस उघडी ठेवून पूर्ण नळी नव्याने करणे. दोन, आत बंद दाराची लोखंडी शेगडी, इन्सर्ट, बसवून तिच्यासाठी ६ इंची स्टील लायनर थेट माथ्यापर्यंत नेणे. घरात मतभेद आहेत. मुलांना उघडा जाळ हवाय.

चकमक
उष्णता हवी असेल तर इन्सर्ट. उघडी फायरप्लेस लाकडातल्या उष्णतेचा फार तर दहावा हिस्सा खोलीला देते, चांगला इन्सर्ट ७० टक्क्यांच्या आसपास. ६ इंची लायनर जुन्या नळीत आरामात जाईल आणि तडकलेल्या नळीचा प्रश्नच मिटेल. लायनर माथ्यापर्यंत अखंड हवा. काही लोक दोन हात नळी वर सोडून थांबतात, तसं करू देऊ नका. धूर मोठ्या थंड नळीत जाऊन क्रिओसोट साचतं आणि साफही करता येत नाही. लाकडासाठी ३१६ दर्जाचं स्टेनलेस, भोवती आच्छादन.

सांजवेळ
मी मुलांच्या बाजूने. उघड्या जाळापुढे बसणं ही वेगळी गोष्ट आहे, ती टक्केवारीत मोजता येत नाही. नळी ओतून करायची पद्धत असते ना? आत फुगा घालून भोवती उष्णतारोधक माल ओततात, तो जुन्या वीटकामालाही बळकटी देतो. जुन्या घराचं रूप तसंच राहतं.

थापी
सांजवेळ, ती पद्धत चांगली आहे, पण नळीचं माप आणखी लहान होतं. चकमकनी वर दिलेलं गणित पुन्हा करायला हवं. कोयंडा, तुमची उघडणी किती आहे? जास्त निघाली तर उघडणीच कमी करता येते, वरून धातूची पट्टी लावून. किती लागेल ते आधी तपासता येईल: नवी नळी झाल्यावर छोटा जाळ करा, उघडणीच्या वरच्या कडेला पत्र्याचा तुकडा धरून हळूहळू खाली आणा, धूर खोलीत यायचा थांबला की तेवढी पट्टी.

दोन्हीपैकी काही केलं तरी ती गंजलेली पट्टी आधी बदला. गंज लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा घेतो आणि वरचं वीटकाम उचलतो. तुमच्या पुढच्या लादीचा कोपरा का उचललाय तेही शोधा. खालचा आधार लाकडी असेल तर तो आधी. आणि त्या पायऱ्यांवर भट्टीच्या मालाचा गुळगुळीत गिलावा करून घ्या. पायऱ्यांवर काजळी साचते आणि धूर अडखळतो.

काजवा
माथ्याचं काम पावसाआधी करा. झाकण विटांच्या बाहेर थोडं आलेलं आणि खालून पाणी तोडणारी खाच असलेलं हवं, म्हणजे पाणी विटांवरून ओघळत नाही. टोपीला जाळी. विटांवर काही लावायचंच असेल तर वाफ बाहेर जाऊ देणारं, पाणी अडवणारं सायलेन-सायलॉक्सेन द्रावण. चकाकी देणारं सीलर नको, ते ओल आत कोंडतं.

कोयंडा
उघडणी ३० बाय २६ आहे. म्हणजे ७८० चौरस इंच, दहावा हिस्सा ७८. ओतीव नळी करणाऱ्यांनी १० इंची गोल बसेल असं सांगितलंय, ते साधारण ७८ चौरस इंच होतं. जमतंय! उघडाच जाळ ठेवायचं ठरलं. मुलांनी सांजवेळताईंना खास धन्यवाद सांगितलेत.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ का? मॅन्टेल आणि शेवटचं रूप.

सांजवेळ
मुलांना आशीर्वाद :)

मॅन्टेलवर जुने थर आहेत म्हणालात. जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता धरूनच चाला. तपासणीच्या पट्ट्या मिळतात किंवा नमुना प्रयोगशाळेत द्या. शिसं असेल तर कोरडं घासायचं नाही, मशीनने तर नाहीच, आणि ब्लो टॉर्चने जाळायचं नाही. रंग काढायचं रसायन लावून ओलं ठेवूनच खरवडायचं, लहान मुलं त्या काळात खोलीबाहेर. तसंच जुन्या फायरप्लेसच्या मागे राखाडी तंतुमय पत्रा किंवा दोरी दिसली तर हात लावू नका, ॲस्बेस्टॉस असू शकतं. ते तपासल्याशिवाय तोडायचं नाही.

मोजपट्टी
पॉलिश करण्याआधी मॅन्टेलचं माप घ्या. उघडणीच्या कडेपासून ६ इंचांच्या आत लाकूड नकोच. ६ ते १२ इंचांत असेल तर प्रत्येक इंच अंतरामागे एक अष्टमांश इंचच पुढे आलेलं चालतं. म्हणजे ८ इंच वर असलेली फळी फक्त १ इंच पुढे. जुन्या मॅन्टेल फळ्या बऱ्याचदा यापेक्षा पुढे आलेल्या असतात. तशी असेल तर वर सरकवा. पुढची लादी उघडणीपुढे किमान १६ इंच आणि दोन्ही बाजूंना ८ इंच हवी. उघडणी ६ चौरस फूट किंवा जास्त असेल तर २० आणि १२. तुमची ७८० चौरस इंच, म्हणजे ६ चौरस फुटांच्या आतली, त्यामुळे १६ आणि ८. ही अमेरिकी मापं आहेत, तुमच्याकडची जास्त कडक असतील तर ती पाळा.

कोयंडा
फळी ९ इंचांवर आहे आणि ५ इंच पुढे! वर घ्यावी लागणार. बरं झालं पॉलिश आधी केलं नाही. लादीच्या कडेला एक पांढऱ्या संगमरवराची पट्टी आहे, तिच्यावर तपकिरी डाग आहेत. लिंबू-व्हिनेगर चालेल का?

सांजवेळ
नको! आम्लाने संगमरवराची चकाकी जाते आणि ती घासूनच परत आणावी लागते. खडूची पूड हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये कालवून घट्ट लेप द्या, वर प्लास्टिक, दुसऱ्या दिवशी काढून पुसा. डाग जुना असेल तर पुन्हा लावा. गंजाचा डाग असेल तर याने जाणार नाही, त्याला वेगळं रसायन लागतं, ते संगमरवरासाठीच बनवलेलं बघून घ्या. लोखंडी शेगडीला तारेचा ब्रश आणि ग्रॅफाइटचं काळं पॉलिश, पातळ, कापडाने चोळून.

थापी
आणि नवं काम झाल्यावर लगेच मोठा जाळ नको. माल पूर्ण वाळू द्या, ओतीव नळीला करणारे सांगतील तेवढे दिवस. मग बारीक काटक्यांचा छोटा जाळ, पूर्ण थंड होऊ द्या, दुसऱ्या दिवशी थोडा मोठा. आतलं पाणी हळूहळू निघायला हवं, नाहीतर वाफेने माल फुटतो. पहिल्या काही जाळांनंतर टॉर्च घेऊन दर्जा बघा. राख झाकणाच्या लोखंडी बादलीत, घराबाहेर, लाकडी ओट्यावर नाही. राखेत निखारे काही दिवससुद्धा जिवंत राहतात.

धूर_कुठे
आणि पेटवण्याआधी कागदाची गुंडाळी पेटवून उघड्या डॅम्परजवळ धरा. थंड नळीतली हवा खाली येत असते, ती आधी वर वळवायची. ज्वाळा वर ओढली गेली की मग लाकडं.

कोयंडा
लिहून घेतलं. गंजलेली पट्टी या आठवड्यात निघतेय. थापी, नवी पट्टी दोन्ही बाजूंना विटांवर किती टेकायला हवी?

थापी
किमान ४ इंच दोन्हीकडे. टोकांना थोडी जागा सोडा, पट्टी तापली की लांबते. घट्ट चिणली तर कोपऱ्यातल्या विटा फोडते.